आजारी नातवंडाला चिडवायचं कसं? आजी-आजोबांसाठी हसवणारे मेसेज, आणि कुठे थांबायचं ते

नातवाला ताप आल्याची बातमी फॅमिली ग्रुपवर पडली की पुढच्या दहा मिनिटांत काय होतं, हे तुम्हाला पाठ असेल. एक गुलाबाचं फूल येतं, त्यावर चमचमत्या अक्षरांत 'लवकर बरे व्हा'. मग काकांचं 'टेक केअर बेटा'. मग मामींचे हात जोडलेले इमोजी, मग त्याच गुलाबाचं दुसऱ्या नंबरवरून आलेलं दुसरं फूल. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो मात्र पांघरुणात तोंड खुपसून पडलेला असतो. एक तर त्याच्याकडे फोन नसतो, आणि असला तरी तो त्यातलं काहीही वाचत नाही.

आता याच ग्रुपवर आजोबांनी हे पाठवलं असं समजा:

"काय रे, १०२ आले म्हणे! शंभरपैकी एकशे दोन! गणिताच्या बाईंना कळवू का?"

हा मेसेज आई मोठ्यानं वाचून दाखवते. पांघरुणातून एक डोळा बाहेर येतो. काम झालं.

मंडळी, आजारी नातवंडाला चिडवणारा मेसेज कसा लिहायचा, कोणत्या वयाला काय चालतं, कोणत्या आजारात काय टाळायचं आणि कुठे विनोद पूर्ण बंद ठेवायचा, याबद्दल आज सविस्तर बोलूया. खालचे मेसेज तसेच्या तसे उचला किंवा नातवंडाचं लाडाचं नाव घालून बदला. तुम्ही स्वतः आजी-आजोबा नसाल, पण त्यांच्या फोनवर टाइप करून देण्याचं काम तुमच्याकडे असेल, तर हा लेख खरं तर तुमच्यासाठीच आहे.

आजी-आजोबांनाच ही सूट का?

तेच वाक्य वडिलांनी म्हटलं तर टोमणा होतो आणि आजोबांनी म्हटलं तर गंमत होते. हे प्रत्येक घरात दिसतं आणि याला कारण आहे. अभ्यास, शिस्त, दात घासलेस का, या सगळ्याचं खातं आई-वडिलांकडे असतं. आजी-आजोबांकडे ते नसतं (किंवा असलं तरी ते सांभाळत नाहीत, अशी आई-वडिलांची तक्रार असते). त्यामुळे त्यांच्या थट्टेमागे शिक्षा येणार नाही, याची मुलाला खात्री असते.

मानववंशशास्त्रात याचा रीतसर अभ्यास झाला आहे. ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन या ब्रिटिश अभ्यासकानं १९४० मध्ये 'थट्टेच्या नात्यां'वर एक लेख लिहिला. काही नाती अशी असतात की त्यांत एकानं दुसऱ्याची खोडी काढायची आणि दुसऱ्यानं राग मानायचा नाही, असा समाजाचाच अलिखित करार असतो. आपल्याकडची दीर-वहिनी किंवा जिजाजी-मेहुणी आठवा. जगातल्या अनेक समाजांत आजी-आजोबा आणि नातवंडं हेही असंच थट्टेचं नातं असतं. मधली पिढी धाक ठेवते, आणि तिच्या डोक्यावरून वरची आणि खालची पिढी हातमिळवणी करते. 'दुधावरची साय' म्हणतात ती हीच.

चिडवण्याचा मेसेज लिहिताना हा करार वापरायचा आहे. म्हणजे आजोबा आणि नातू एका बाजूला, आणि समोर ताप, काढा, डॉक्टर, गरज पडली तर आई-बाबासुद्धा. आजोबा आणि सगळं घर एका बाजूला आणि समोर एकटं आजारी पोर, अशी मांडणी झाली की तिथे विनोद संपला.

एक गोष्ट मात्र विनोदातही म्हणायची नाही

ही गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण बाकी सगळं चुकलं तरी चालेल, पण ही चुकू नये.

लहान मुलांना अनेकदा वाटतं की आजार ही शिक्षा आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९३२ च्या त्यांच्या पुस्तकात मुलांच्या न्यायाच्या कल्पनांवर लिहिलं आहे. ते मुलांना एक गोष्ट सांगत. एका मुलानं सफरचंदं चोरली, पळताना तो एका जुनाट पुलावरून गेला, पूल मोडला आणि तो पाण्यात पडला. मग विचारत, चोरी केली नसती तर तो पडला असता का? लहान मुलांपैकी पुष्कळ जण सांगत, नसता पडला. म्हणजे पूल कुजका होता म्हणून नव्हे, तर चोरी केली म्हणून मोडला! साधारण सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांत हा विचार बराच दिसतो, आणि आजाराबद्दलही तो दिसतो. मी बहिणीला मारलं म्हणून माझ्या पोटात दुखतंय. मी खोटं बोललो म्हणून ताप आला.

आता आपल्या घरातली नेहमीची वाक्यं आठवा. 'बघ, सांगितलं होतं ना, आईस्क्रीम नको म्हणून!' 'पावसात उड्या मारायला कोणी सांगितलं होतं?' 'देवबाप्पानं बरोबर केलं.' बोलणाऱ्याच्या मनात यात काहीच नसतं. मुलाच्या मनात मात्र आधीच एक खटला चालू असतो, आणि आजीनं येऊन साक्ष दिलेली असते.

म्हणून चिडवायचं ते आजाराला, औषधाला आणि स्वतःला. आजार कशामुळे झाला, यावरून मुलाला चिडवायचं नाही. मग तो खरोखर त्याच्या उद्योगांमुळेच झाला असला तरीही. पेरूच्या झाडावरून पडून हात मोडला असेल, तर झाडाचा हिशेब प्लास्टर निघाल्यावर करता येतो.

पाच वर्षांच्या आतलं पिल्लू

या वयात उपरोध कळत नाही. 'वा, फारच शहाणा आहेस' म्हटलं तर त्याला वाटतं आपण खरंच शहाणे आहोत, आणि 'आता तुला इथेच ठेवणार, घरी नेणार नाही' म्हटलं तर वाटतं, खरंच नेणार नाहीत. बोललेल्या शब्दांच्या उलट अर्थ असू शकतो, हे साधारण पाच-सहा वर्षांपासून कळायला लागतं आणि त्यातली गंमत वाटायला आणखी काही वर्षं जातात. त्यामुळे या वयात उलटं बोलू नका, अशक्य असं काहीतरी बोला. वस्तू बोलू द्या, प्राणी येऊ द्या, आजोबांची फजिती होऊ द्या.

"चिंगे, तुझा ताप आज माझ्याकडे आला होता. म्हणाला, आजोबा, मी येऊ का राहायला? मी म्हटलं, आधी चप्पल बाहेर काढ. तर त्याला पायच नाहीत! रडत गेला बिचारा."

"आज मी तुझ्या टेडीला औषध दिलं. त्यानं सगळं माझ्या शर्टावर थुंकलं. आता मी शर्ट धुऊ की टेडी धुऊ?"

'म्हातारी आणि भोपळा' ही गोष्ट जवळपास प्रत्येक मराठी मुलाला माहीत असते, आणि आजीनं पाठवायच्या मेसेजला ती अगदी फिट बसते, कारण त्यातली म्हातारी तर आजीच आहे:

"भोपळा पुसून तयार ठेवलाय. उद्या त्यात बसून मी तुझ्याकडे येतेय. वाटेत वाघोबा भेटला तर सांगेन, थांब रे बाबा, आधी सोन्याला मऊ भात भरवून येते, मग मला खा. तो म्हणाला मलाही मऊ भात हवा, तर काय करू? तुझ्यातला देशील का?"

शेवटचा प्रश्न मुद्दाम आहे. लहान मुलाला 'देशील का' विचारलं की ते जोरात 'नाही' म्हणतं, आणि 'नाही' म्हणता म्हणता दोन घास जातात. हे कोणत्याही आजीला माहीत असतं. मेसेजमध्येही ते चालतं, एवढंच सांगायचं होतं.

सहा ते नऊ: विनोदाचा सुवर्णकाळ

या वयाला शब्दांची मोडतोड आवडते, मोठ्यांची फजिती आवडते आणि पोटाशी संबंधित प्रत्येक गोष्ट प्रचंड विनोदी वाटते. पोट बिघडलेल्या नातवाला हा मेसेज पाठवून बघा:

"आज किती फेऱ्या झाल्या रे? एसटीवाल्यांचा फोन आला होता. म्हणाले, गणपतीतसुद्धा आम्ही एवढ्या जादा गाड्या सोडत नाही."

पण या मेसेजच्या मागोमाग आईला वेगळा फोन करून ओआरएस घोटाघोटानं चालू आहे का, लघवी होतेय का, हे विचारा. जुलाबात खरी भीती अंगातलं पाणी कमी होण्याची असते. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, बराच वेळ लघवी झाली नाही, तर मेसेज-बिसेज बाजूला ठेवून डॉक्टर.

टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर बोलायला त्रास होतो. बडबड्या नातीसाठी:

"तू गप्प बसलीयस म्हणून घरात एवढी शांतता झाली, की आजीला वाटलं लाइट गेली. मेणबत्ती शोधतेय अजून."

हात-पाय मोडला असेल तर प्लास्टर हा विनोदासाठी आयता मिळालेला फळा. शब्द तर मराठीनं दिलेलाच आहे:

"नवीन गिलावा झाला म्हणे! आमच्या भिंतीला रंग देऊन बारा वर्षं झाली, आणि तुला एका दिवसात पांढरंशुभ्र प्लास्टर? गवंडी कोण होता? नंबर दे."

कांजिण्यांसाठी:

"आज एकूण किती फोड? तलाठ्याला बोलावलंय पंचनाम्याला. अट एकच, खाजवायचं नाही. खाजवलंस तर मोजणी परत एकपासून, आणि तलाठी दर वेळी चहा मागतो."

इथे विनोदातच काम करून घेतलंय, कारण कांजिण्यांत न खाजवणं खरंच महत्त्वाचं असतं. फोड फुटले तर जंतुसंसर्ग होतो आणि व्रण राहतात. आणि हो, सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत कांजिण्या दुसऱ्याला लागू शकतात. त्यामुळे ज्या आजी-आजोबांना लहानपणी कांजिण्या झाल्या नाहीत, त्यांनी त्या काळात प्रेम मेसेजवरूनच केलेलं बरं. मुलांना तापासाठी घरातली अ‍ॅस्पिरिनची गोळीही देऊ नका. कांजिण्या किंवा फ्लूमध्ये तिच्यामुळे रे सिंड्रोम नावाचा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो. आजोबांच्या हृदयाच्या गोळ्यांच्या डब्यात ती बहुतेक असतेच.

इंजेक्शनबद्दल दोन शब्द. 'शूर मुलं रडत नाहीत' हा मेसेज प्रेमानंच पाठवलेला असतो, पण रडलेल्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपण शूर नाही. त्यापेक्षा आजोबांनी स्वतःची अब्रू काढावी:

"तू इंजेक्शनला रडलास? हॅ! हे काय रडणं? मला टोचलं तेव्हा सोसायटीचा वॉचमन शिट्टी वाजवत आला होता. त्याला वाटलं चोर शिरले."

दहा ते तेरा: अब्रूचा प्रश्न

इथे नियम बदलतात. या वयाच्या मुलाला विनोद उत्तम कळतो, पण तो कोणासमोर झाला हेही कळतं. पाचवीतल्या नातवाला 'जादा गाड्यां'चा मेसेज खासगीत पाठवला तर तो हसेल. तोच ४३ जणांच्या ग्रुपवर टाकला, ज्यात त्याची चुलत बहीण आहे आणि तिची मैत्रीण त्याच्या वर्गात आहे, तर तो तुमच्याशी महिनाभर बोलणार नाही आणि त्याचं बरोबर असेल.

त्यामुळे चिडवणं खासगीत आणि कौतुक ग्रुपवर. चेहऱ्यावरचे फोड, वजन, उंची, आवाज फुटणं, मुलींच्या पाळीचं दुखणं, यांना या वयात हात लावायचा नाही. उरलं काय? शाळा, भावंडं, जेवण, मोबाइल, आणि नेहमीप्रमाणे आजोबा. भरपूर आहे.

"शाळा बुडाली म्हणून दुःखात असशील. धीर धर. गृहपाठ कुठे पळून जात नाही, हे मी ६८ वर्षांच्या अनुभवावरून सांगतो."

"तू आजारी आहेस तोवर आजीचं सगळं लक्ष तुझ्याकडे आहे. मी गुपचूप दोन बर्फ्या खाल्ल्या. अजून दोन दिवस आजारी राहतोस का? ... नको, बरा हो. पकडला गेलो."

"आजीचा काढा संपवलास? शाब्बास. मी चाळीस वर्षं तो तुळशीत ओततोय. तुळस बघ कशी जोरात आहे!"

शेवटचा मेसेज मला फार आवडतो, पण त्याला एक शेपूट जोडावं लागतं. औषध टाकून देण्याचा विनोद घरच्या काढ्यापुरताच. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल, दम्याचा पंप असेल, फिट्सच्या गोळ्या असतील, तिथे 'मी पण टाकून देतो' हा विनोद मूल सूचना म्हणून घेऊ शकतं. तिथे आजोबांनी उलट औषध कसं निमूट घेतलं, याची फुशारकी मारावी. खोटी असली तरी चालेल.

गणितातल्या १०२ चा विनोदही बघून वापरा. ज्या मुलाला मार्कांवरून रोज बोलणी बसतात, त्याला आजारपणातही तोच विषय नको असतो.

मोठी नातवंडं: हॉस्टेल, नोकरी, परदेश

'नातवंड' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुडूदुडू चालणारं बाळ येतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आजीशी बोलणारं नातवंड बऱ्याचदा २४ वर्षांचं असतं आणि परक्या शहरात एकटं तापानं फणफणत असतं. या वयाला गुलाबाच्या फुलाचा खरंच उपयोग नाही. त्यांना घर आठवत असतं. म्हणून घराची आठवण देणारं, पण गळा न काढणारं काहीतरी पाठवा.

हॉस्टेलवरच्या नातीला:

"मेतकूट-भात, वर तूप, बाजूला लिंबाचं लोणचं. फोटो पाठवतेय. हो, फोटोच. बरी होऊन ये, मग ताट."

ताप अंगात घेऊन लॅपटॉप मांडीवर घेणाऱ्या नातवाला, बँकेतून निवृत्त झालेल्या आजोबांकडून:

"सुट्टी घेतलीस आणि मीटिंगलाही बसलास म्हणे. अरे, मी ३६ वर्षं बँकेत होतो. मी रिटायर झालो तर बँक बंद पडेल असं मला वाटलं होतं. अजून चालू आहे. मला जरा वाईटच वाटलं. तू झोप."

डेंग्यू झालेल्या, रोज रक्त तपासून घेणाऱ्या नातवासाठी:

"आयुष्यात शेअर बाजार पाहिला नाही, पण सध्या रोज सकाळी तुझ्या प्लेटलेट्सचा भाव बघितल्याशिवाय चहा उतरत नाही. आज बाजार तेजीत आहे का?"

डेंग्यूबाबत थोडं थांबूया, कारण इथे मेसेजची वेळ चुकू शकते. प्लेटलेट्स साधारणपणे दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या कमी होतात, आणि धोक्याचा काळ अनेकदा ताप असताना नव्हे, तर तो उतरल्यावर सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये ताप उतरतो आणि तेव्हाच पुढच्या एक-दोन दिवसांत काही रुग्णांची तब्येत बिघडते. पोटात सतत जोरात दुखणं, पुन्हा पुन्हा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप सुस्ती ही लक्षणं दिसली तर लगेच हॉस्पिटल. म्हणून ताप उतरल्याच्या पहिल्याच दिवशी 'झालास बरा, आता उठ आणि कामाला लाग' असा चिडवणारा मेसेज पाठवू नका. आणि आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या डेंग्यूत टाळायच्या असतात, हे नातवालाही सांगा.

परदेशातल्या नातवंडांची गोष्ट निराळी. न्यू जर्सीतल्या मुलाला मराठी कळतं, पण बऱ्याचदा देवनागरी वाचता येत नाही. तिथे व्हॉइस नोट हेच उत्तर. त्यात आजीचा आवाज असतो, मागे कुकरची शिट्टी असते, रस्त्यावरच्या भाजीवाल्याची आरोळी असते. मूल ती पुन्हा पुन्हा ऐकतं. फक्त घड्याळ बघा. न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असतं आणि त्यांच्या हिवाळ्यात साडेदहा. तुम्ही सकाळचा चहा घेत उत्साहानं पाठवलेली नोट तिथे रात्री साडेनऊला, नुकत्याच झोपलेल्या पोराच्या उशाशी वाजते.

"हॅलो, मी आजी बोलतेय. माझी मराठी कळत नसेल तर एक दाबा. कळत असून कळत नाही असं दाखवायचं असेल तर दोन दाबा. आईनं दिलेलं सूप कुंडीत ओतलं असेल तर तीन दाबा, मी कोणाला सांगणार नाही."

हा प्रकार बोलूनच करायचा, लिहून तो निम्मा होतो. थोड्या मोठ्या मुलांसाठी आवाजाचा आणखी एक फायदा आहे. लिहिलेल्या वाक्यात 'नाटकी कुठला!' हे शिवीसारखं वाटू शकतं. आवाजात त्यामागचं हसू ऐकू येतं.

हसून टाके तुटतील, ते असं

'हसून हसून पोट दुखलं' हे अपेंडिक्सच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशननंतर शब्दशः खरं होतं. पोटावर टाके असताना जोरात हसणं दुखतं. मूल उशी पोटाशी घट्ट धरून हसलं तर थोडं सुसह्य होतं, पण पहिले दोन-तीन दिवस गालातल्या गालात हसवणारे मेसेज बरे. दम्याच्या मुलांतही खदखदून हसण्यानं खोकल्याची उबळ किंवा धाप सुरू होऊ शकते. तेव्हा त्यांचा दम्याचा त्रास वाढलेला असताना गुदगुल्या करणारे विनोद नकोत.

मग हसण्यानं बरं वाटतं, ते खरं की नाही? मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी एका बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, आणि आता सकाळी हात वर करून हसणारे आजोबा आपल्या प्रत्येक बागेत आहेत. मुलांच्या वॉर्डात प्रशिक्षित विदूषक पाठवण्याची पद्धत न्यू यॉर्कमध्ये बिग अ‍ॅपल सर्कसनं १९८६ मध्ये सुरू केली, आणि ती पुढे अनेक देशांत गेली. या विदूषकांवरच्या २४ अभ्यासांचा, एकूण १,६१२ मुलांचा आढावा २०२० मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आला. विदूषकांच्या भेटीमुळे मुलांची भीती आणि अस्वस्थता कमी व्हायला मदत होऊ शकते, असा त्याचा कल होता. म्हणजे विनोद जंतू मारत नाही. सलाईन लावून घेणारं मूल जरा कमी घाबरतं. 'हसा आणि कॅन्सर पळवा' असे जे फॉरवर्ड येतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका आणि ते आजारी नातवाच्या आईला तर अजिबात पाठवू नका.

कुठे थांबायचं

मूल आयसीयूत असेल, निदान अजून झालं नसेल, किंवा आई-वडिलांचे फोन हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून येत असतील, तर विनोद नको. त्या वेळी 'मी इथे आहे, डबा कोणाकडे पाठवू?' हा मेसेज सगळ्यात चांगला.

लांबणाऱ्या आजारांचं गणित वेगळं असतं. टाइप १ मधुमेह, थॅलेसीमिया, ल्युकेमिया, किडनीचे आजार असलेल्या मुलाचं आजारपण आठवड्यात संपत नाही. ते वर्षानुवर्षं चालतं, त्या घरात हसणंही चालू राहतं आणि राहायलाच हवं. 'बिचारं माझं लेकरू' हे रोज ऐकून मुलं कंटाळतात. पण या मुलांच्या बाबतीत पहिला विनोद मुलाला करू द्या. केस गेलेली नात स्वतः म्हणाली की 'आजोबा, आता आपण सेम टू सेम', तर आजोबांनी खुशाल म्हणावं:

"सेम टू सेम कसं? माझं टक्कल ३० वर्षं जुनं आहे. तू ज्युनियर. आधी माझ्याकडे ट्रेनिंग घे."

तिनं काढला नसेल तर हा विषय आजोबांनी काढायचा नाही. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाला 'गोड कमी खा रे लबाडा' हा विनोद तर कधीच नको. हा आजार गोड खाल्ल्यानं होत नाही. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींवर हल्ला करते. मघाचा तो मनातला खटला आठवा. इथे अख्खा समाज आधीच त्या मुलाच्या विरोधात साक्ष देत असतो.

'लवकर बरा हो' हे चार वर्षं औषध घेणाऱ्या मुलाला काय सांगतं, याचाही विचार करा. 'लवकर' होणार नसेल तर त्याऐवजी आजचं काहीतरी विचारा. आज सिस्टरनं कोणत्या हाताला सुई लावली, बाजूच्या खाटेवरचा मुलगा अजून घोरतो का, कॅरममध्ये कोण जिंकलं.

फोटोचं काय?

सलाईन लावलेल्या नातवाचा फोटो स्टेटसला ठेवून 'माझ्या राजाला आशीर्वाद द्या' असं लिहिणारी आजी वाईट नसते. तिला काळजी वाटत असते आणि चार लोकांनी विचारावं असंही वाटत असतं. पण तो फोटो स्क्रीनशॉट होऊन कुठेही जातो, आणि तो मुलगा उद्या चौदा वर्षांचा होतो. फोटो ठेवायचाच असेल तर मोकळ्या खाटेचा, प्लास्टरवर काढलेल्या सुपरहिरोचा, नाहीतर संपवलेल्या ताटाचा ठेवा. आणि आधी मुलाच्या आईला विचारा. मूल मोठं असेल तर मुलाला.

उलट उत्तर आलं की

चिडवणारा मेसेज एकतर्फी राहिला तर त्यात अर्थ नाही. उत्तर येईपर्यंत दुसरा पाठवू नका, आणि 'वाचलास का? हसलास का?' असं तर विचारूच नका. तापात मान उचलायचं त्राण नसतं. दोन दिवसांनी उत्तर आलं तरी ते उत्तरच.

मूल बरं होत आलं की त्याच्या खोड्या परत सुरू होतात, आणि त्याचा पहिला नेम बहुधा तुमच्यावरच असतो. तेव्हा हरायचं. सगळी शस्त्रं खाली ठेवून, मनापासून हरायचं. माझ्या ओळखीतल्या एका घरात १०२ तापाच्या विनोदानंतर तीन दिवसांनी नातवाचा उलट मेसेज आला:

"आजोबा, माझा ताप ९८ वर आला. तुमचं बीपी किती आहे? १६०? अरे वा, तुम्ही तर बोर्डात आलात!"

आजोबांनी त्यावर लिहिलं, "पेढे आण." आणि दोन मिनिटांनी त्याच खिडकीत आजीचा मेसेज आला, "कोणी पेढे आणणार नाही. दोघांनीही गोळ्या घेतल्या का?"